दोन भागांची युरोस्टोमी बॅग : सात वर्षं रोज वापरून

2018 साली मुंबईत माझी कर्करोगाने धरलेली लघवीची पिशवी काढली. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडल्या आणि त्याचं तोंड बेंबीच्या उजवीकडे पोटावर आणलं. हाच स्टोमा; लघवीसाठी पोटावर काढलेली ही वाट म्हणजे युरोस्टोमी. 1950 च्या सुमाराला ब्रिकर या अमेरिकन सर्जनने ही पद्धत रूढ केली. आत लघवी साठायला जागाच नाही, ती दिवसरात्र ठिबकत राहते. म्हणून बॅग. तिचे दोन भाग : स्टोमाभोवती कातडीला चिकटणारी भोकाची प्लेट आणि तिच्यावर बसणारी पिशवी.

बेस्टच्या डेपोत 31 वर्षं मेकॅनिक होतो, त्यामुळे आधी व्हॉल्व्ह बघितला. बॅगेच्या आत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, आडवं झालं तरी लघवी मागे फिरत नाही. काम चोख. खालच्या तोटीला रात्री नळी जोडून दोन लिटरची नाईट बॅग खाटेला अडकवतो, म्हणून सलग झोप मिळते. दिवसा बॅग अर्धी भरायच्या आतच रिकामी करायची, नाहीतर वजनाने प्लेट सुटते. भांडुपहून दादरला निघालो की आधी घरी आणि मग उतरल्यावर, हे ठरलेलं.

प्लेट बदलायची पहाटे, चहाच्या आधी, तेव्हा लघवी कमी येते. बायको गॉजची सुरळी स्टोमावर टेकवून धरते, कारण दोन थेंब कातडीवर पडले तरी प्लेट धरत नाही. धुवायला नुसतं कोमट पाणी. स्टोमा ओला, लालबुंद, ओठाच्या आतल्या बाजूसारखा दिसतो; हात लागला तर दुखत नाही. प्लेट दोन मिनिटं तळहातांत दाबून ऊब द्यायची आणि मग बसवायची. चार दिवस टिकते, मे आणि ऑक्टोबरच्या घामात तीनच.

सुरुवातीला एका दुकानदाराने माप न घेता तयार भोकाची प्लेट दिली. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, माझं भोक मात्र मोठंच राहिलं. उघड्या कातडीवर लघवी लागून भाजल्यासारखी आग व्हायची. दोन महिने सोसलं. स्टोमा नर्सने मापाचं कार्ड लावलं, भोक स्टोमापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर मोठं ठेवलं, आणि आठवड्यात कातडी सुधारली. कापून घ्यायचीच प्लेट घ्या.

पाचव्या वर्षी बॅग गळायला लागली. मी दोनदा कंपनी बदलली, दोन डबे वाया गेले. शेवटी नर्सने उभं करून खोकायला सांगितलं, तर स्टोमाशेजारी फुगवटा. हर्निया! इंजिनातून तेल गळतं तेव्हा प्रत्येक वेळी गॅस्केटच फाटलेलं नसतं, कधी हेडच वाकलेलं असतं, हे मला डेपोत पाठ होतं आणि स्वतःच्या पोटाच्या बाबतीत सुचलं नाही. त्याच वेळी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. डावी किडनी सुजलेली. मूत्रवाहिनी आतड्याला जोडली होती तो सांधा आखडला होता. ना दुखणं, ना ताप. कोरोनात तपासण्या सुटल्या त्या मी पुन्हा सुरूच केल्या नव्हत्या. लघवी बाहेर काढायला पाठीतून किडनीत नळी घातली, पुढे सांधा परत करावा लागला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, पूर्वीइतकं खाली आलंच नाही. बॅग उत्तम चालत असताना आत हे घडत असतं, म्हणून कळवळून सांगतो, दर वर्षी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन चुकवू नका. आतडं लघवीतलं आम्ल रक्तात ओढतं म्हणून रक्तातलं बायकार्बोनेट, आणि आतड्याचा तुकडा गेलाय म्हणून बी-12 सुद्धा तपासून घ्या. लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, तो आतड्याचा चिकट स्राव असतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला किमतीसाठी. महिन्याला साडेतीन हजार पेन्शनमधून काढणं जड जातं. आता मऊ कडेची प्लेट आणि हर्नियाचा पट्टा लावतो. यंदा गणपतीत पाचही दिवस दोन्ही वेळच्या आरतीला उभा होतो, नमस्काराला गुडघे टेकले, प्लेट जागची हलली नाही.