पर्यावरणशास्त्र की सागरविज्ञान? किनाऱ्यावरच्या विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी

किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकेत हे दोन अभ्यासक्रम बहुतेक वेळा शेजारीशेजारी असतात. इमारत एकच, पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र जवळजवळ सारखं, मुखपृष्ठावरचा फोटोही त्याच समुद्राचा. मग कुणी समुद्र आवडतो म्हणून सागरविज्ञान घेतं, कुणी नोकरी लवकर मिळते असं ऐकून पर्यावरणशास्त्र. दोन्ही कारणं खोटी नाहीत, पण तीन-चार वर्षांचा निर्णय पेलायला ती पुरत नाहीत.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. ज्या विद्यापीठात विद्यार्थी खरोखर पाण्यात उतरतात, तिथेच पदवीला सागरविज्ञान घ्यावं. तसं नसेल, तर त्याच विद्यापीठात पर्यावरणशास्त्र घेऊन त्याला सागराचे ऐच्छिक विषय जोडणं शहाणपणाचं आहे.

बाटली एक, प्रश्न दोन

दोन्ही विभागांच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग हमखास होतो: पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणं. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ही पद्धत मांडली. काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली घालायचा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसू लागतो. नसेल तर साका पांढराच राहतो. नंतर आम्ल घातलं की साका विरघळतो आणि आयोडिनचा पिवळा रंग उतरतो. ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत तो रंग फिका करायचा, शेवटाकडे स्टार्चचे थेंब टाकायचे, पाणी गडद निळं होतं आणि एका थेंबासरशी निळा रंग जातो. तो थेंब नेमका पकडायला हात बसावा लागतो.

आता फरक पाहा. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे या बाटलीत सांडपाणी मिसळलेलं पाणी असतं. तो आज ऑक्सिजन मोजतो, तशीच भरलेली दुसरी बाटली अंधारात २० अंश सेल्सिअसला ५ दिवस ठेवतो (भारतात सध्या २७ अंशांना ३ दिवस ठेवतात) आणि पुन्हा मोजतो. मधल्या काळात जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला, तो आकडा म्हणजे बीओडी, अर्थात जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. आकडा मर्यादेच्या वर गेला की पुढचे प्रश्न येतात: हे पाणी कुणी सोडलं, प्रक्रिया का झाली नाही, नियम काय म्हणतो.

सागरविज्ञानाच्या विद्यार्थ्याकडे तीच बाटली वेगवेगळ्या खोलीवरून भरून येते. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून १००० मीटरपर्यंत ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला थर आहे. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायूच्या रूपाने हवेत परत जातो. हा थर माणसाने तयार केलेला नाही. वरून बुडणारा सेंद्रिय गाळ, तो कुजताना संपणारा ऑक्सिजन आणि खालच्या पाण्याचं मंद नूतनीकरण यांतून तो तयार होतो. इथे दोषी शोधायचा नसतो, यंत्रणा समजून घ्यायची असते.

स्वतःला विचारायचं ते इथेच. आकडा हातात आला की तुमचं मन 'यावर काय करता येईल' याकडे धावतं, की 'हे असं का होतं' याकडे? पहिल्या स्वभावाची मुलं सागरविज्ञानात दुसऱ्या वर्षी अस्वस्थ होतात आणि दुसऱ्या स्वभावाची मुलं नियम आणि मानकं पाठ करताना कोमेजतात. हा फरक गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून निवडताना कुणी तो मोजत नाही.

गणिताबद्दल स्पष्ट बोलू

सागरविज्ञान म्हणजे मासे, प्रवाळ आणि डॉल्फिन, अशी समजूत घेऊन येणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात या शास्त्राचे चार खांब आहेत: भौतिक, रासायनिक, जैविक आणि भूशास्त्रीय. चांगल्या अभ्यासक्रमात यातला एकही टाळता येत नाही. नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रिडजोफ नान्सेन याच्या १८९३-९६ च्या आर्क्टिक मोहिमेत असं दिसलं की तरंगता बर्फ वाऱ्याच्या थेट दिशेने न जाता उजवीकडे कलून वाहतो. एकमन या स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञाने पृथ्वीच्या परिवलनाचा हिशेब करून १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं: उत्तर गोलार्धात वाऱ्यामुळे ढकललं जाणारं वरच्या थरातलं पाणी एकूण हिशेबाने वाऱ्याच्या उजवीकडे काटकोनात सरकतं, दक्षिण गोलार्धात डावीकडे. पेरूच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून वारा वाहतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर जातं, त्याच्या जागी खालचं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं आणि जगातल्या मोठ्या मत्स्यक्षेत्रांपैकी एक त्यावर पोसलं जातं. एल निनोच्या वर्षी हे चक्र बिघडतं आणि मासळी घटते.

म्हणजे मासळीपर्यंत पोचायची वाटसुद्धा गणितातून जाते. कलनशास्त्राची भीती वाटत असेल तर ती पहिल्या वर्षी घालवायची तयारी हवी. ज्याला फक्त प्राण्यांचीच ओढ आहे, त्याने प्राणिशास्त्रात पदवी घेऊन नंतर सागरी जीवशास्त्राकडे वळलेलं बरं.

पर्यावरणशास्त्रात गणित वेगळ्या तोंडवळ्याचं असतं: संख्याशास्त्र, नमुने कुठून आणि किती घ्यायचे याची आखणी, उपग्रहचित्रं आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती जोडणारी प्रणाली). त्यासोबत हवा, माती, घनकचरा, विषशास्त्र, कायदा, थोडं अर्थशास्त्र. विषय इतके की प्रत्येकाला स्पर्श होतो आणि एकातही खोल उतरायला सवड मिळत नाही. या अभ्यासक्रमाची हीच खरी कमजोरी आहे. ती भरून काढायची तर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एकाच प्रश्नावर, एकाच जागी, चिकाटीने करायला हवा.

वेळापत्रक भरती-ओहोटीचं की घड्याळाचं?

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी कसोटी हीच आहे. समुद्राकाठी साधारणपणे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. खडकाळ किनाऱ्याचा अगदी खालचा पट्टा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो, तोही थोडाच वेळ. दर बुधवारी १० ते १ प्रात्यक्षिक, असं ठरलेलं वेळापत्रक असेल तर त्या तीन तासांत कित्येकदा किनारा पाण्याखाली असणार. ज्या विभागात सत्र सुरू होतानाच भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून प्रात्यक्षिकांच्या तारखा लावतात, तिथे शिकवणारे स्वतः किनाऱ्यावर जातात असं खुशाल समजा.

अशा विभागात मुलं चौकट टाकून तिच्या आतल्या शिंपल्या आणि शैवाल मोजतात, महिन्याभराने त्याच खडकावर परत येऊन पुन्हा मोजतात. खाडीतला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर समुद्राच्या पाण्याने धुतात आणि उरलेले किडे चिमट्याने वेचतात. हे काम कंटाळवाणं असतं, पाठ दुखते, हाताला वास राहतो. पण इथूनच आकडेवारीवर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, हे कळायला लागतं.

बोटीचंही तसंच. माहितीपुस्तिकेत 'संशोधन नौका उपलब्ध' असं छापलेलं असतं. ती नौका पदवीच्या मुलांसाठी किती दिवस निघते, हा प्रश्न वेगळा. जहाजाचा प्रत्येक दिवस महाग असतो आणि संशोधकांना आधी मिळतो. पाण्यातली क्षारता, तापमान आणि खोली एकाच वेळी नोंदणारं सीटीडी उपकरण स्वतःच्या हाताने खाली सोडलेला विद्यार्थी आणि त्याचा आलेख फक्त पडद्यावर पाहिलेला विद्यार्थी, यांच्यातलं अंतर पुढे भरून काढणं अवघड असतं. बोटीवर मळमळतं का, पोहता येतं का, हेही प्रवेशाआधीच तपासून घ्या.

पर्यावरणशास्त्राला किनाऱ्याची एवढी सक्ती नाही. विहिरी, नाले, कचराडेपो, धुराडी, शेतं सगळीकडे आहेत. म्हणून फक्त पर्यावरणशास्त्रच घ्यायचं असेल तर समुद्राच्या ओढीने दूरचं विद्यापीठ निवडायचं कारण नाही. जवळची चांगली प्रयोगशाळा जास्त उपयोगी पडेल. सागरविज्ञानाचं तसं नाही. नेपल्सचं प्राणिशास्त्रीय केंद्र १८७२ मध्ये, प्लिमथची प्रयोगशाळा १८८८ मध्ये, कॅलिफोर्नियातली स्क्रिप्स १९०३ मध्ये, वुड्स होलची संस्था १९३० मध्ये आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये अशाच जागी उभी राहिली, जिथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. आणलेला नमुना थांबत नाही: बाटलीतले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, श्वास घेत राहतात, पोषकद्रव्यं खात राहतात आणि काही तासांत पाणी बदललेलं असतं.

जिथे दोन्ही एकमेकांत मिसळतात

मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपीच्या मुखाजवळ दर उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन संपत आलेला मोठा पट्टा तयार होतो. खतांमधला नायट्रोजन नदीतून येतो, वर शैवाल माजतं, मरून खाली कुजतं, आणि हलकं गोडं पाणी वर तरंगत राहिल्याने तळाला नवा ऑक्सिजन मिळत नाही. शेतातून नायट्रेट कसं वाहून येतं हे पर्यावरणशास्त्र शिकवतं. पाण्याचे थर एकमेकांत का मिसळत नाहीत हे सागरविज्ञान शिकवतं. एकाच बाजूचं शिकलेल्या माणसाला अर्धीच गोष्ट दिसते.

हवामानबदलातही सीमारेषा अशीच पुसट आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं १९५८ पासून सलग चालत आलेलं मोजमाप चार्ल्स कीलिंग यांनी सुरू केलं, आणि ते स्क्रिप्स या समुद्रविज्ञानाच्या संस्थेतले होते. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषतो. त्यातून पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच औद्योगिक काळापूर्वीच्या सुमारे ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. हे प्रमाण लॉगरिदमिक (एक अंक घटला की आम्लता दहापट) असल्याने आम्लता साधारण पाव पटीहून अधिक वाढली असा त्याचा अर्थ होतो. म्हणून कुठलीही शाखा घेतली तरी दुसऱ्या शाखेचे निदान दोन पेपर ऐच्छिक म्हणून घेता येतात का, ते पाहा. विभाग शेजारी असूनही ही मुभा नसेल तर किनाऱ्यावर असण्याचा निम्मा फायदा तिथेच गेला.

पुढे काय

नोकरीच्या बाबतीत पदवीनंतर लगेच काम हवं असेल तर पर्यावरणशास्त्राचं पारडं जड आहे. अमेरिकेने १९६९ मध्ये पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास सक्तीचा करणारा कायदा केला, त्यानंतर शंभराहून अधिक देशांनी ती पद्धत स्वीकारली. प्रकल्प आला की अहवाल लागतो, अहवाल आला की नमुने गोळा करणारा, तपासणारा, लिहिणारा माणूस लागतो. सल्लागार संस्था, प्रयोगशाळा, कारखाने, पालिका, नियंत्रण मंडळं ही त्याची ठिकाणं.

सागरविज्ञानात पदवीवर मिळणारी कामं कमी आहेत: बंदरं, समुद्रतळाचं सर्वेक्षण, मत्स्यशेती, समुद्रातले ऊर्जा प्रकल्प. संशोधन आणि अंदाज वर्तवणाऱ्या संस्थांत पदव्युत्तर शिक्षणाशिवाय दार उघडणं कठीण. म्हणजे सहा-सात वर्षं शिकायची घरची आणि मनाची तयारी आहे का, हे आधी पाहायला हवं. मात्र एक गोष्ट झपाट्याने बदलली आहे. आर्गो प्रकल्पाचे जवळपास ४००० तरंगते मापक जगभरच्या समुद्रांत फिरत आहेत. बहुतेक दर १० दिवसांनी २००० मीटर खोलीवरून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात, आकडे उपग्रहाकडे पाठवतात, आणि ते सर्वांना मोफत मिळतात. प्रोग्रॅमिंग येणाऱ्या विद्यार्थ्याला जहाजाची वाट न पाहता खऱ्या समुद्रावर काम करता येतं. शिवाय २०२३ मध्ये स्वीकारलेल्या खुल्या समुद्राच्या कराराने देशांच्या हद्दीबाहेरच्या प्रकल्पांनाही परिणाम-अभ्यासाची अट घातली आहे. दोन्ही शाखा कळणाऱ्यांसाठी ते नवं क्षेत्र असेल.

तिसरा रस्ताही विसरू नका: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा गणितात भक्कम पदवी आणि पदव्युत्तर स्तरावर सागरविज्ञान. संशोधनच करायचं पक्कं असेल आणि गणिताची आवड असेल तर मला हा रस्ता उरलेल्या दोन्हींपेक्षा उजवा वाटतो.

प्रवेशाआधी विभागात एकदा स्वतः जा आणि प्राध्यापकांना भेटण्याआधी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. मागच्या सत्रात किती वेळा किनाऱ्यावर गेलात, बोटीवर उपकरण कुणी हाताळलं, प्रकल्पासाठी नमुने स्वतः आणले की तयार आकडे मिळाले, हे विचारा. मग त्यांची प्रात्यक्षिकाची वही मागून पाहा. सगळ्या वह्यांत तेच आकडे असतील तर तिथे सागरविज्ञान घेऊ नका. तारखेनुसार आकडे बदलत असतील, कुठे 'पाऊस आल्याने नमुना घेता आला नाही' अशी नोंद असेल, तर निर्धास्तपणे फॉर्म भरा.