राळेचा वाडगा आणि पंचचा सेट, आठ महिने वापरल्यानंतर

ऑक्टोबरात ऑनलाइन मागवला होता. जड लोखंडी वाडगा, खाली रबराची चकती, राळेची ढेप (ही वितळवून वाडग्यात भरायची आणि तिच्यावर पत्रा बसवायचा), वीस पंच, म्हणजे पत्र्यावर टेकवून ठोकायच्या कांड्या, आणि हातोडी. देवघरातले खंडोबाचे टाक लहानपणापासून बघतेय, एवढ्याशा पत्र्यातून घोडा वर कसा काढतात हे एकदा स्वतः करून बघायचंच होतं.

वाडगा एक नंबर. चकतीवर हवा तसा कलतो आणि ठोकताना जागचा हलत नाही. पंच मात्र आले तसे वापरू नका, कडा एवढ्या धारदार होत्या की पहिल्याच दिवशी घोड्याच्या मानेपाशी पत्रा फाटला. एकेक पंच 600 आणि मग 1200च्या पॉलिश पेपरवर घासून गोल केला, दोन रविवार गेले पण त्यानंतर एकदाही फाटलं नाही. सेटमधला पत्रा फारच पातळ होता, मी 24 गेजचं तांबं आणलं, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर.

खरी गोष्ट राळेची. मागून ठोकून पत्रा फुगवायचा, मग काढून, ती पोकळी राळेने भरून, उलटा बसवून पुढून रेषा दाबायच्या, म्हणजे सगळा आधार राळेचाच. सोबत आलेली राळ डिसेंबरात सकाळी काचेसारखी तडकायची, पत्रा सुटून यायचा आणि मला वाटायचं माझाच हात चुकतोय. शेवटी गणपती पेठेत चांदीचं काम करणाऱ्या एका काकांना वाडगा नेऊन दाखवला. त्यांनी नखाने दाबून बघितलं आणि म्हणाले, "पोरी, थंडीची राळ येगळी, उन्हाळ्याची येगळी." थंडीत थोडं गोडेतेल जास्त, उन्हाळ्यात विटेची वस्त्रगाळ पूड जास्त. तसं केलं आणि काम एकदम बदललं. एप्रिलात सांगलीच्या उन्हात तीच थंडीची राळ लोण्यासारखी झाली, पंच नुसता रुतायचा, तेव्हा पूड घालून परत घट्ट केली. मंद आचेवरच वितळवा, उकळू देऊ नका, जळकी राळ ठिसूळ होते. खिडकी उघडी ठेवा.

आणि कान द्या. खाली पोकळी राहिली असेल तर आवाज भदाभदा येतो, तिथे ठोकलं की पत्रा खचलाच. तांबं कडक झालं की टणटण वाजायला लागतं आणि हातोडी उडते, मग लगेच काढून मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात सोडायचं, परत मऊ. त्या घोड्याला मी पाच वेळा ताव दिलाय. काळं झालेलं चिंच-मिठाने निघतं. पितळ मात्र लालभडक असताना पाण्यात टाकू नका, तडे जाऊ शकतात.

हातोडीचा दांडा दोन महिन्यांतच हलायला लागला, विकणाऱ्याला तीन मेल केले, उत्तर नाही. सुताराकडून बाभळीचा बसवून घेतला. वाडग्यासाठी मी परत हाच सेट घेईन, पण राळ काकांच्या मापाने घरीच करीन. आता पावसाळ्यात चांदीचा पत्रा लावायचाय, घोडा तोच.