मेटाशेप प्रोफेशनल: बडोद्याच्या सपाट जमिनीवर त्याचं सेल्फ-कॅलिब्रेशन कितपत पुरतं?

विश्वामित्रीच्या काठी पावसाळी गटाराची लाइन आखायची असेल, तर ड्रोन सर्व्हेतली दहा-पंधरा सेंटिमीटरची चूक सगळं काम बिघडवते. १००० ला १ उतार धरला तर ५०० मीटरमध्ये एकूण उतार ५० सेंटिमीटर. मॉडेल मधोमध १५ सेंटिमीटर फुगलं, की सुरुवातीच्या टप्प्यात पाणी नकाशावर चक्क चढ चढताना दिसतं. हा घुमट लेन्सच्या विकृतीचा हिशेब चुकल्याने येतो, आणि तो हिशेब फोटोंमधूनच सोडवण्याचं काम, म्हणजे सेल्फ-कॅलिब्रेशन, अगिसॉफ्ट मेटाशेप हे फोटोंवरून नकाशे आणि जमिनीचं मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर उत्तम करतं. अट एकच: फोटो तसे घेतलेले हवेत.

लेन्सची विकृती मांडायला मेटाशेप ब्राऊनचं गणिती मॉडेल वापरतं. त्यातले गुणांक असे: फोकल लेंग्थ एफ, केंद्राचे सीएक्स-सीवाय, गोलाकार विकृतीचे के१ ते के४, लेन्स तिरकी बसल्याचे पी१-पी२, आणि पिक्सेलच्या आडव्या-उभ्या मापातल्या फरकाचे व तिरकेपणाचे बी१-बी२. सगळे फोटो सरळ खाली बघणारे आणि जमीन सपाट असली, की एफ आणि उंची एकमेकांत मिसळतात. फँटम ४ प्रोमध्ये एफ साधारण ३६५० पिक्सेल असतो. १०० मीटरवरून उडताना तो एका पिक्सेलने चुकला तरी उंचीत पावणेतीन सेंटिमीटर जातात. ड्रोनवर आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) आहे म्हणून जीसीपी (जमिनीवरचे मोजलेले खुणेचे बिंदू) नकोच, हा हिशेब इथे फसतो.

म्हणून उड्डाणातच तजवीज करा. मुख्य ग्रिडला ८०-७० टक्के ओव्हरलॅप (पुढच्या आणि शेजारच्या फोटोंचा एकमेकांवर येणारा भाग) ठेवा, आणि त्यावर आडवी दुसरी ग्रिड कॅमेरा २०-३० अंश तिरका करून उडवा. तिरक्या फोटोंनी घुमट कमी होतो, हे जेम्स आणि रॉबसन यांनी २०१४ साली दाखवून दिलं आहे. फोकस लॉक करा. कॅमेऱ्यातलं डिस्टॉर्शन करेक्शन बंद ठेवा, नाहीतर आधीच सरळ केलेल्या फोटोवर सॉफ्टवेअर पुन्हा विकृती शोधत बसतं. रोलिंग शटरचा (फोटो एकदम न टिपता ओळीओळीने टिपणारा) ड्रोन असेल तर त्याची भरपाई चालू करा.

काळ्या जमिनीवर चुन्याची जाड फुली मारू नका. उन्हात पांढरा रंग फोटोत पसरतो आणि मधला बिंदू नेमका कुठे ते कळत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटींची अर्धा-पाऊण मीटरची पाटी कितीतरी बरी. चार कोपऱ्यांत चार जीसीपी, एक मध्ये, आणि चेकपॉइंट (मोजलेले, पण फक्त पडताळणीसाठी राखलेले बिंदू) वेगळे. त्या चेकपॉइंटांतला एक मध्याजवळ हवाच, कारण घुमट तिथेच सापडतो.

सॉफ्टवेअरमधली खरी अडचण डिफॉल्ट आकड्यांची आहे. रेफरन्स सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या जागेची अचूकता १० मीटर आणि मार्करची (म्हणजे जीसीपींची) ०.००५ मीटर धरलेली असते. आरटीकेचे फोटो असतील तर पहिला आकडा बदलायलाच हवा, आणि जीसीपी मोजणाऱ्या डीजीपीएस यंत्राची अचूकता २ सेंटिमीटर असेल तर दुसरा ०.०२ करा. हे न करता ऑप्टिमाइझ (गुणांक पुन्हा सोडवण्याचं बटण) दाबलं, तर जीसीपींची चूक नगण्य दिसते आणि चेकपॉइंट मात्र खाली-वर उड्या मारतात.

अलाइनमेंटनंतर (फोटो एकमेकांशी जुळवल्यावर) ग्रॅज्युअल सिलेक्शनने कमकुवत टाय पॉइंट (अनेक फोटोंत सापडलेले समान बिंदू) काढा: रिकन्स्ट्रक्शन अनसर्टन्टी १०, प्रोजेक्शन अॅक्युरसी ३, रिप्रोजेक्शन एरर ०.५ च्या आसपास, आणि दरवेळी पुन्हा ऑप्टिमाइझ. एफ, सीएक्स, सीवाय, के१-के२-के३, पी१-पी२ एवढ्यांसमोर टिक केली की पुरतं. बी१-बी२ आणि के४ हौसेने लावू नका. एखाद्या गुणांकाची किंमत त्याच्या स्वतःच्या चुकीहून लहान निघाली, तर तो काढून टाका. एब्नरच्या जुन्या विकृती-मॉडेलचे १२ (१९७६) किंवा ग्रूनच्या मॉडेलचे ४४ गुणांक मोजणीसाठीच बनवलेल्या मोठ्या हवाई मेट्रिक कॅमेऱ्यांच्या काळातले. लहान ड्रोनच्या लहान ब्लॉकला एवढं ओझं पेलत नाही.

मग डिस्टॉर्शन प्लॉटचा रेसिड्युअल टॅब उघडा; फोटोत कुठे किती चूक उरली ते तो बाणांनी दाखवतो. बाण सगळीकडे विस्कळीत दिसले तर ठीक. फोटोच्या चारही कोपऱ्यांत ते एका दिशेने वळून बसले असतील, तर काही विकृती शिल्लक आहे. के१, के२, के३ यांचं आपसातलं घट्ट कोरिलेशन (एक बदलला की दुसराही बदलणं) नेहमीचंच. एफ असा दुसऱ्या एखाद्या गुणांकाला चिकटलेला असेल तर मात्र तिरके फोटो कमी पडले.

स्टँडर्ड आवृत्ती घेऊन पैसे वाचवण्याचा विचार करू नका, तिच्यात जीसीपीच नाहीत. आणि सर्व्हे बाहेरून करून घेत असाल, तर ऑर्थोफोटोबरोबर (फोटो जोडून केलेल्या मोजता येणाऱ्या नकाशाबरोबर) रिपोर्टमधलं कॅमेरा कॅलिब्रेशनचं पान आणि चेकपॉइंटचा तक्ता हातात आल्याशिवाय बिल पास करू नका.