अकरा महिने प्रेशर कॅनर वापरल्यावर

फडताळात आज टोमॅटोच्या ९ बरण्या उरल्या आहेत आणि नव्या हंगामाची पहिली तोडणी तीन आठवड्यांवर आली आहे. गेल्या हंगामात ९६ भरल्या होत्या. आठवड्याला दोन लागतील असा अंदाज होता, तो जवळपास बरोबर निघाला. हा प्रेशर कॅनर, म्हणजे भाज्या बरण्यांत बंद करून टिकवण्यासाठीचं दाबाचं मोठं भांडं, घेऊ की नको या विचारात मी दोन वर्षं घालवली. त्या काळात वाचायला मिळालेले बहुतेक अभिप्राय खोकं उघडल्यानंतर आठवडाभरात लिहिलेले होते. वर्षाचं चक्र पूर्ण होत आल्यावर कोणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी वस्तूबद्दल. जाड अ‍ॅल्युमिनियमचं खोल भांडं, तळाशी जाळी, झाकणाच्या आत रबर, वर दाब दाखवणारी तबकडी आणि ५, १०, १५ पौंडांची वजनं (हे पौंड दाबाचे, म्हणजे दर चौरस इंचाला किती ते). क्वार्ट मापाच्या ७ बरण्या उभ्या राहतात, पाइंटच्या दोन थरांत १८. पाइंट म्हणजे ४७३ मिलिलिटर आणि क्वार्ट म्हणजे ९४६. ही मापं मुद्दाम देतेय, कारण तपासून ठरवलेल्या सगळ्या वेळा या मापांच्या बरण्यांसाठी आहेत. त्याहून मोठ्या बरणीला त्या चालत नाहीत. भरलेला कॅनर एकटीने उचलता येत नाही, त्यामुळे शेगडी कुठे ठेवायची हे आधी ठरवा. आमची मागच्या पडवीत, जमिनीलगत आहे.

विकणाऱ्याने मला सांगितलं होतं, "घरातल्या कुकरसारखाच आहे, फक्त मोठा." हे चुकीचं आहे, आणि चुकीचं असणं धोक्याचंही आहे. कुकरमध्ये आपण अन्न शिजवतो, शिट्ट्या मोजतो आणि लगेच खातो. कॅनरमधून निघालेली बरणी आठ-दहा महिने फडताळात राहणार असते. मातीतून भाजीबरोबर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट, सुप्त रूपं, येतात आणि उकळत्या पाण्यात ते तासन्‌तास टिकतात. बंद बरणीत हवा नाही, आम्ल कमी, घरातलं साधं तापमान, म्हणजे त्यांना वाढायला हवं ते सगळं आयतं मिळतं. त्यातून तयार होणारं विष वासाने, चवीने किंवा रंगाने कळेलच असं नाही. बीजाणू मरायला साधारण ११६ अंश सेल्सिअस लागतं, आणि एवढं तापमान दाबाखालच्या वाफेतच मिळतं. छोटा कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो, म्हणून कॅनरसाठी ठरवलेल्या वेळा त्याला लागू करता येत नाहीत. शिट्ट्या मोजून भाजी बरणीबंद करायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर कृपा करून तो सोडा.

टोमॅटो, फळं, मुरांबे यांची गोष्ट वेगळी. सामू (पीएच, जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हे बीजाणू डोकं वर काढत नाहीत आणि उकळत्या पाण्याची साधी पद्धत पुरते. पण टोमॅटो बरोबर त्या सीमेवर बसलेला असतो. काही जाती ४.६ च्या वर जातात, आणि फार पिकलेला किंवा रोगट वेलावरचा टोमॅटोही जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक क्वार्टमध्ये दोन टेबलस्पून बाटलीतला लिंबूरस किंवा अर्धा टीस्पून सायट्रिक आम्ल घालावंच लागतं. बाटलीतलाच रस का, तर त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, झाडावरच्या लिंबाचा नसतो. मला हे मान्य करायला वेळ लागला. परसात लिंबाचं झाड लगडलेलं, आणि मी सायट्रिक आम्लाची पुडी विकत आणतेय! सुरुवातीला जिवावर आलं. आता ती पुडी मिठाशेजारी असते.

उंचीचा हिशेब पहिल्याच दिवशी करा. आमचं शेत समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कुस्करलेल्या टोमॅटोच्या क्वार्ट बरण्यांना उकळत्या पाण्यात ४५ ऐवजी ५० मिनिटं द्यावी लागतात. दाबाच्या कामातही तेच. ३०५ मीटरपर्यंत १० पौंडांचं वजन चालतं, त्याच्या वर १५ चं. तबकडीवर चालवायचं असेल तर आमच्या उंचीला १२ पौंड. मी वजनावर चालवते आणि तबकडी नुसती सोबतीला ठेवते. तबकडी वर्षातून एकदा तपासून घ्यावी लागते, वजनाला तसं काही बिघडण्यासारखं नसतं.

एका खेपेला किती वेळ जातो हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून घेवड्याचं उदाहरण देते. क्वार्टमधल्या घेवड्याला दाबाखाली २५ मिनिटं लागतात. प्रत्यक्षात माझे दोन तास जातात. पाणी तापून झाकणावरच्या नळीतून वाफ जोरात यायला वीसेक मिनिटं. मग ती वाफ सलग १० मिनिटं मोकळी सोडायची, त्यानंतरच नळीवर वजन ठेवायचं. पहिल्या खेपेला सासूबाई शेजारी उभ्या होत्या. "अगं, वाफ येतेय ना, ठेव की वजन आता!" मी म्हटलं, "आई, दहा मिनिटं होऊ द्या, आतली हवा निघून जायला हवी." हवा आत राहिली तर तबकडीवर दाब दिसतो पण तेवढं तापमान मिळत नाही, कारण हवा आणि वाफ यांचं मिश्रण निव्वळ वाफेइतकं तापत नाही. आता त्या स्वतःच घड्याळ घेऊन बसतात आणि मला हात लावू देत नाहीत.

दाब चढायला आणखी थोडा वेळ, मग २५ मिनिटं, मग आच बंद करून तो आपोआप उतरेपर्यंत पाऊण तास. पाणी ओतून थंड करायचं नाही. दाब शून्यावर आला की वजन काढायचं, पुन्हा १० मिनिटं थांबायचं, आणि झाकण आपल्यापासून पलीकडे उचलायचं.

या शेवटच्या टप्प्यात मी दुसऱ्या महिन्यात घाई केली. संध्याकाळ होत आली होती, धार काढायची राहिली होती, आणि दाब थोडा शिल्लक असताना मी वजन उचललं. झाकण उघडलं तर कॅनरमधलं पाणी हिरवट झालेलं, आणि सातपैकी चार बरण्यांमधलं पाणी खाली गेलेलं. बाहेरचा दाब एकदम पडला की आतलं पाणी उसळून झाकणाखालून निसटतं. सील बसलं असेल आणि निम्म्याहून कमी पाणी गेलं असेल तर बरणी ठेवायला हरकत नाही, वर राहिलेला घेवडा तेवढा काळपट पडतो. निम्मं किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायची. आम्ही तीन दिवस घेवडा खाल्ला.

त्याहून जिव्हारी लागलेली गोष्ट गॅसची. एका खेपेला सतराव्या मिनिटाला सिलिंडर संपला. वजनाचं डुलणं मंदावलं, थांबलं, तबकडीचा काटा खाली आला. दाब एकदा ठरलेल्या आकड्याखाली गेला की आधीची मिनिटं धरायची नाहीत, पुन्हा दाब चढवून पूर्ण २५ मिनिटं पहिल्यापासून मोजायची. दुसरा सिलिंडर आणून तसं केलं. घेवडा पार मऊ झाला, सूपमध्ये गेला. पण त्या दिवशी मला आमच्या स्वयंपूर्णतेची हद्द नेमकी कुठे आहे ते दिसलं. बी आमचं, खत आमचं, पाणी आमच्या विहिरीचं, आणि बरणी बंद करताना मात्र गॅस बाहेरचा, झाकणं बाहेरची. लाकडाच्या चुलीवर एकसारखी आच धरता येत नाही, म्हणून तिच्यावर मी कॅनर ठेवत नाही. आता भरलेला सिलिंडर हाताशी असल्याशिवाय खेप लावत नाही.

झाकणांचा खर्च धरून चला. झाकणाचे दोन भाग असतात: बाहेरचं फिरवून बसवायचं कडं पुन्हा पुन्हा वापरता येतं, पण आतली चपटी चकती एकदाच. तिच्या कडेच्या लेपावर एकदा काचेचा वण उमटला की दुसऱ्यांदा सील बसण्याची खात्री राहत नाही. कडं हाताच्या बोटांनी लागेल एवढंच आवळायचं. जोर लावून आवळलं तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि झाकण वाकडं होतं. भरताना बरणीची कड ओल्या फडक्याने पुसायची. मी हे एकदा वरवर केलं आणि गाजराचा एक तंतू, दोऱ्यापेक्षा बारीक, कडेवर राहून गेला. ती बरणी सकाळी दाबून पाहिली तर झाकण टिक-टिक वर-खाली होत होतं. सील न बसलेली बरणी २४ तासांच्या आत नवं झाकण लावून पुन्हा सगळी वेळ देऊन करता येते, नाहीतर सरळ फ्रिजमध्ये.

सील बसतानाचा आवाज मला फार आवडतो. बरण्या फडक्यावर एकमेकींपासून दोन-तीन बोटं अंतर ठेवून मांडायच्या आणि हात न लावता १२ ते २४ तास सोडून द्यायच्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वयंपाकघरातून एकेक "टक्" ऐकू येतं. धाकटी मोजत मोजत झोपते. सकाळी प्रत्येक झाकणाच्या मध्यभागी छोटा खळगा दिसतो.

कडी काढून ठेवायची हे मी सुरुवातीला पाळलं नाही, आणि ती चूक महागात गेली असती. सातव्या महिन्यात गाजराच्या एका बरणीचं कडं फिरवलं तर झाकण बोटाने सहज उचललं गेलं. सील कधी सुटलं होतं कोण जाणे, कड्याने ते जागच्या जागी धरून ठेवलं होतं. वास स्वच्छ होता, पाणी निवळ होतं. चाखायचा प्रश्नच नव्हता. बरणी झाकणासकट मोठ्या पातेल्यात पाण्याखाली बुडवून ३० मिनिटं उकळली आणि मग टाकून दिली. त्याच संध्याकाळी फडताळातल्या सगळ्या बरण्यांची कडी उतरवली. कड्याशिवाय ठेवलेल्या बरणीचं सील सुटलं तर ते हाताला लगेच कळतं.

चवीचं म्हणाल तर टोमॅटो उत्तम. मक्याचे दाणे गोड राहतात, पण पाइंटला ५५ मिनिटं आणि क्वार्टला ८५ लागत असल्यामुळे गॅस खूप जातो, यंदा मी मका कमी करणार आहे. घेवड्याचा हिरवा रंग जाऊन शेवाळी होतो आणि कुरकुरीतपणा राहत नाही, ज्यांना तो हवा त्यांनी वाळवण किंवा फ्रीझरचा मार्ग धरावा. भिजवून उकळलेली कडधान्यं भरून ठेवली तर अचानक पाहुणे आल्यावर फार सोय होते. त्यांना पाइंटमध्ये ७५ मिनिटं, क्वार्टमध्ये ९०. भोपळा फक्त फोडी करून भरा. भोपळ्याचा गर घरी बरणीबंद करायचा नसतो, कारण त्याचा दाटपणा दर वेळी वेगळा असतो आणि उष्णता मध्यापर्यंत पोहोचेल याची खात्री देता येत नाही. खरं तर अख्खा भोपळा सुक्या हवेशीर जागी महिनोन्‌महिने टिकतो. कांदा-बटाट्याचंही तेच. जे आपलं आपण टिकतं त्याच्यावर बरणी खर्च करू नये, हे मला अर्धा हंगाम गेल्यावर उमगलं.

लागवडीवर याचा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला. पूर्वी टोमॅटो एकदम पिकले की वाटून टाकायचे, उरलेले जनावरांना. आता लावणीच्या वेळी मी आठवड्याच्या जेवणापासून उलटा हिशेब करते. एका वेळी तोडणी आटोपशीर मिळावी म्हणून बरण्यांसाठी एकदम पिकणारी जात एका वाफ्यात, आणि रोजच्या खाण्याची हळूहळू पिकणारी दुसऱ्यात. घेवड्याच्या दोन ओळी कमी केल्या, कारण २८ बरण्यांपैकी ११ अजून तशाच आहेत. वर्षाच्या आत संपवायच्या असं ठरवलेलं असल्याने सध्या दर दोन दिवसांनी घेवडा आहे, आणि मुलं कुरकुर करत आहेत.

निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न उकळून टिकवण्याची कृती १८१० मध्ये प्रसिद्ध केली, आणि ते का टिकतं याचा उलगडा जंतूंचा अभ्यास करणाऱ्या लुई पास्तरच्या कामातून व्हायला पुढे अर्धं शतक गेलं. त्या सगळ्या काळात लोक कारण न कळता नियम पाळत होते. आपल्याला कारणही कळलेलं आहे, त्यामुळे वेळेत पाच मिनिटं काटायचा मोह मला आता होत नाही.

वस्तू म्हणून तक्रारी दोन. रबर दहाव्या महिन्यात एका बाजूने वाफ सोडू लागलं, ते बदललं. जादा रबर कॅनरबरोबरच मागून घ्या. दुसरं, सोबतच्या पुस्तिकेत उंचीचा तक्ता शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, तो पहिल्या पानावर असायला हवा होता. मी तो मोठ्या अक्षरात लिहून शेगडीमागच्या भिंतीवर चिकटवला आहे. काचेचं नुकसान फारसं नाही. ६० क्वार्ट बरण्यांपैकी ३ गेल्या, त्यातली एक गार बरणी गरम पाण्यात ठेवल्यामुळे, तळ कापल्यासारखा गोल सुटून आला. तेव्हापासून बरण्या भरण्याआधी गरम पाण्यातच ठेवते.

कॅनर घ्यावा का? परसात वर्षाला निदान पन्नास-साठ बरण्या भरतील एवढं पीक असेल आणि खेपेला दोन तास शेगडीजवळून हलायचं नाही याची तयारी असेल, तर जरूर घ्या. फक्त टोमॅटो आणि मुरांबेच करायचे असतील तर खोल पातेलं आणि तळाला जाळी पुरे, एवढा मोठा खर्च करू नका.

या आठवड्यात तबकडी तपासायला दिली आहे. रिकाम्या बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या आहेत आणि दुपारी एकेकीच्या कडेवरून बोट फिरवून टवका गेलाय का ते पाहतेय. आतापर्यंत दोन बाजूला काढल्या. त्या आता बियाणं ठेवायला.