तुटलेला एक्झॉस्ट स्टड: नट वेल्ड करू की इझी-आउट लावू?

स्टड म्हणजे एक्झॉस्ट इंजिनच्या हेडला धरून ठेवणारा आट्यांचा दांडा. तुटलेला स्टड इंजिनच्या हेडच्या वर थोडा जरी शिल्लक असेल ना, तर मी डोळे झाकून नट वेल्डच करेन. त्यावर नवा नट ठेवायचा, आतून मिग वेल्डिंगने भरायचा, लाली जाईपर्यंत थांबायचं आणि मग पाना लावून हळूहळू पुढे-मागे हलवायचं, एकदम जोर नाही. पकड मिळते हा फायदा आहेच पण खरं काम उष्णता करते, स्टड तापून फुगतो, थंड होताना आकसतो आणि आट्यांमधला गंज फुटतो. पहिला नट तुटून हातात आला तरी वैतागू नका, दुसरा लावा, दरवेळी परत तापतोय म्हणजे फायदाच. फक्त त्याआधी बॅटरीच्या वायरी काढा.

इझी-आउटचं (स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलटी फिरवत घट्ट बसवायची, तुकडा बाहेर काढणारी कडक काडी) म्हणाल तर वेल्डिंग मशीन लागत नाही एवढंच त्याचं कौतुक. भोक बरोबर मधोमध पडलं पाहिजे, आणि हेड ॲल्युमिनियमचं असेल तर ते स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे ड्रिल जरा घसरलं की तिकडेच पळतं. आणि जो स्टड पान्याने फिरला नाही तो एवढ्याशा बारीक काडीने कसा फिरणार? ती आत तुटली तर संपलंच, इतकी कडक असते की साधं ड्रिल बिट तिच्यावर चालतच नाही.

स्टड हेडच्या आत तुटला असेल आणि वेल्डिंग जमत नसेल तर मात्र ड्रिलच, तेही आधी उलट्या दिशेने फिरून कापणाऱ्या (लेफ्ट-हँड) बिटने, कधीकधी भोक पाडतानाच तुकडा बाहेर येतो. हेडमधले आटे गेलेच तर हेलिकॉइल (भोकात बसवायची, नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) आहे.