पंखातल्या टाकीसाठी चुंबकीय फ्लोट सेन्सर: वर्षभराच्या वापरानंतर

घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्या लोकांना कांदिवलीच्या गच्चीवरचं अमोल यादव यांचं विमान आठवतं. इथे अमेरिकेत किटमधून विमान बांधणारे हजारोंनी आहेत. माझं आरव्ही-9ए त्यांतलंच. दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेत 18-18 गॅलनच्या टाक्या आहेत आणि इंधनाची टाकी निवडायच्या सिलेक्टरवर फक्त डावी किंवा उजवी, दोन्ही एकदम चालू ठेवायची सोय नाही. त्यामुळे कुठल्या टाकीत किती उरलंय, हे वेगवेगळं कळावंच लागतं.

आधी माझ्याकडे नेहमीचे रेझिस्टन्सवाले फ्लोट होते, म्हणजे इंधनावर तरंगणारा गोळा वर-खाली होईल तसा विजेचा रोध बदलणारे. टाकी रिकामी असताना 240 ओहम, भरली की तीसच्या आसपास. स्वस्त आणि साधे. पण फ्लोट हलेल तसा आतला सरकता संपर्क तारेवर घासत राहतो, झिजतो, आणि मग ठरावीक पातळीला आकडा उड्या मारायला लागतो. शिवाय सेन्सरचं अर्थिंग स्क्रूंमधून होतं आणि त्याच स्क्रूंना सीलंट, म्हणजे गळती रोखणारा लेप, फासलेलं असतं; ते वीज नीट जाऊ देत नाही. अर्थिंगची तार वेगळी ओढली नाही, तर आकड्याचा भरवसा नाही.

चुंबकीय प्रकारात फ्लोटच्या दांडीला चुंबक असतो आणि तो कुठे वळलाय हे बाहेरचं सर्किट ओळखतं. इंधनात विजेचा संपर्क नाही, घासणारं काही नाही. सिग्नल फ्रीक्वेन्सीच्या रूपात येतो, म्हणून घ्यायच्या आधी आपला डिस्प्ले तो वाचतो का, हे बघून घ्या.

बसवणं मात्र कष्टाचं. टाकी पंखावरून उतरवायची, तपासणीचं झाकण सोडवायचं, जुनं सीलंट खरवडायचं. नवं पॉलिसल्फाइड सीलंट कालवलं की पाकासारखी तार धरतं आणि गंधकाचा वास हँगरभर पसरतो. झाकण लावण्यापूर्वी दांडी पूर्ण वर-खाली फिरवून बघितली: फ्लोट तळाला टेकतो का, व्हेंटच्या (टाकीत हवा येण्याजाण्याच्या) नळीत अडकतो का. सीलंट सुकल्यावर गळती तपासायला फुग्यातल्या हवेइतकाच दाब द्यायचा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी सोडायचं. कॉम्प्रेसर जोडाल तर टाकी फुगेल.

सगळ्यात जास्त वेळ कॅलिब्रेशनला, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या इंधनाशी जुळवून घ्यायला, द्या. विमान उड्डाणातल्या स्थितीत उभं करून, टाकी पूर्ण रिकामी करून, एकेका टप्प्याला 2 गॅलन ओतायचे आणि इंधन स्थिरावल्यावरच आकडा नोंदवायचा. पंपाच्या मीटरवर न जाता मी डबा वजन करून ओतला. एव्हगॅसचा (विमानाच्या पेट्रोलचा) गॅलन साधारण 6 पौंडांचा, म्हणजे दर खेपेला 12 पौंड. काम उघड्यावर, डबा धातूचा आणि तारेने विमानाला जोडलेला. स्थिर विजेची ठिणगी इथे चालणार नाही.

इतकं करूनही टाकीच्या वरच्या भागात हा सेन्सर आंधळाच. पंख टोकाकडे वर चढत जातात आणि सेन्सर मुळाशी असतो. त्यामुळे टाकी भरायच्या बऱ्याच आधी फ्लोट वरच्या पत्र्याला टेकतो आणि आकडा तिथेच अडकून राहतो. ही टाकीच्या आकाराची मर्यादा आहे, सेन्सर बदलून जात नाही. भरलेल्या टाकीसाठी मी इंधन भरायचं झाकण उघडून मोजपट्टीच घालतो. पण खालच्या अर्ध्या भागात, जिथे खरी गरज असते, तिथे आकडा आजवर मोजपट्टीशी जुळत आलाय. विमान एका बाजूला घसरवत उतरवताना तो थोडा वाहवतो, सरळ झालं की परत जागेवर येतो.

‘इंधनाच्या नळीत किती इंधन गेलं ते मोजणारा फ्लो मीटर आहे ना, मग फ्लोटवर एवढा खर्च कशाला?’ असं बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर या हिवाळ्यात मिळालं. फ्लो मीटरच्या हिशोबाने उजव्या टाकीतून 4 गॅलन गेले होते, फ्लोट मात्र उरलेलं इंधन त्या हिशोबापेक्षा बरंच कमी दाखवत होता. मी फ्लोटचं ऐकलं आणि जवळच्या धावपट्टीवर उतरलो. उजव्या टाकीच्या इंधन भरायच्या झाकणामागे पंखावर निळा ओघळ होता. शंभर-एलएल हे एव्हगॅस निळं असतं, त्यामुळे शंकाच उरली नाही. झाकणाची ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) कडक झाली होती आणि उडताना वरचा कमी दाब इंधन बाहेर खेचत होता. फ्लो मीटर इंजिनाकडे गेलेलंच मोजतो, गळालेलं त्याला कळत नाही.

कपॅसिटन्सचे सेन्सरही लोक लावतात. त्यात हलणारं काही नाही, ही जमेची बाजू. पण इथेनॉल मिसळलेलं मोटारीचं पेट्रोल भरणार असाल, तर जपा. हा सेन्सर इंधनाच्या ज्या विद्युत गुणधर्मावरून पातळी ओळखतो, तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक पेट्रोलचा 2 च्या आसपास, इथेनॉलचा त्याच्या दहापटीहून जास्त. एव्हगॅसवर कॅलिब्रेट केलेला सेन्सर असं पेट्रोल भरल्यावर आहे त्याहून जास्त दाखवेल, आणि चूक व्हायचीच असेल तर ती या बाजूला नको.

तक्रार म्हणायची तर किमतीची. जुन्याच्या कित्येक पट पैसे जातात. तुमची टाकी अजून बंद झाली नसेल, तर हाच सेन्सर घाला. टाकी बंद असेल आणि जुन्याचा आकडा स्थिर असेल, तर केवळ यासाठी ती उघडू नका. पुढे एखादी गळती काढायला टाकी उतरवावी लागली, की तेव्हा हेही उरकून घ्या.