शिकाऊ हातांची दंतसेवा : आधी स्वतःचे गुण, मग मॅडमची सही

आमच्या शहरातील एका दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत मी गेल्या दोन महिन्यांत तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा दात साफ करून घेतले, दुसऱ्यांदा उजवीकडची खालची दाढ भरून घेतली आणि तिसऱ्यांदा त्याच दाढेची किरकोळ दुरुस्ती झाली. पैसे कमी लागतात आणि वेळ भरपूर जातो, हे अशा ठिकाणी गेलेल्यांना सांगायला नको. मला लिहायचे आहे ते तिथल्या एका तक्त्याविषयी. काम संपले की विद्यार्थ्याने शिक्षकांना बोलावण्याआधी त्यावर स्वतःला दहापैकी गुण द्यायचे आणि कुठे शंका वाटते तेही लिहायचे. मग शिक्षक तपासून शेजारच्या रकान्यात आपले गुण मांडतात व सही करतात. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली, त्यामुळे खुर्चीत आडवा पडूनही माझे लक्ष त्या कागदावरच होते.

दात साफ करणारा मुलगा तिसऱ्या वर्षाचा होता. बीडीएसच्या ४ वर्षांत रुग्ण हाती येऊ लागतात ते याच सुमारास. हात हलका, बोलणे गोड. स्वतःला त्याने ९ गुण दिले आणि शंकेचा रकाना कोरा ठेवला. सरांनी आरसा खालच्या पुढच्या दातांमागे धरला आणि तिथले कीटण त्याला दाखवले. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडत असल्याने कीटण जास्त साचते ते नेमके त्याच जागी, हे त्याला पाठ होते. तरी आरसा तिथवर नेलाच नव्हता. सरांनी ५ लिहिले, सही केली आणि पुढच्या खुर्चीकडे वळले. ९ आणि ५ यांच्यातल्या अंतराविषयी दोघेही एक अक्षर बोलले नाहीत, आणि माझ्या मते तक्त्याचे काम तिथेच अर्धे राहिले.

दाढ भरणारी मुलगी शेवटच्या वर्षाची. कीड दोन दाढांच्या मधल्या फटीत असल्यामुळे काम अवघड होते. तिने इंजेक्शन दिले, रबर डॅम म्हणजे दाढ कोरडी ठेवणारा रबरी पडदा लावला, कीड काढली आणि मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईने खड्ड्याची खोली दोन ठिकाणी मोजली. पुढे पट्टी व पाचर बसवून थराथराने कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा माल, भरले आणि दर थराला निळा प्रकाश दिला. रबर काढल्यावर निळा कागद चाववून उंचवटे घासले. मी खुणेनेच "छान आहे" म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "काका, तुमचा ओठ आणि दाढ अजून बधिर आहे, तुमच्या 'छान'वर मला आत्ता विसंबून राहता येणार नाही." नंतर दोन दाढांमधून तिने दोरा ओढला; तो खालच्या कडेशी किंचित विसकटला. तिने पुन्हा ओढून पाहिला आणि तक्त्यावर लिहिले : हिरडीजवळ माल बाहेर आला असावा, चावा बधिरपणा उतरल्यावर पुन्हा पाहणे. स्वतःला गुण दिले ६. मॅडमनी स्वतः दोरा ओढून पाहिला, कड घासायची बारीक पट्टी तिच्या हातात देऊन तेवढी जागा साफ करून घेतली आणि ७ लिहिले.

आमच्याकडे आयटीआयत मुलगा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, जमा करण्याआधी माप स्वतः घेऊन लिहीत असे. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरचाही फरक दाखवतो, त्यामुळे वादाला जागा नसे. तोंडात आरसा, अणकुचीदार सळई, दोरा आणि निळा कागद एवढ्यावरच भागवावे लागते, आणि ही साधने विचारल्याशिवाय बोलत नाहीत. त्या मुलाचा हात मुलीपेक्षा कमी सफाईदार होता असे मला वाटत नाही. मुलीने मात्र आपले काम कुठे फसले असेल तिथेच साधन नेले. पास होऊन दवाखाना थाटल्यावर मागे मॅडम उभ्या नसतात, तेव्हा ही सवयच उपयोगी पडणार.

तक्रारी आहेत. मॅडम येईपर्यंत मला २५ मिनिटे खुर्चीत ताटकळत पडावे लागले, कारण एकाच शिक्षकाकडे बऱ्याच खुर्च्या असतात. तक्ता पूर्ण इंग्रजीत आहे आणि त्यात रुग्णासाठी एकही ओळ नाही. नेमून दिलेल्या कामांचा कोटा पूर्ण करण्याच्या घाईत काही मुले तक्ता शिक्षकांच्या सहीनंतर भरताना मी पाहिली. तसे करायचे असेल तर तो कागद छापूच नये.

दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला, "काका, चावताना काही उंच लागते का?" लागत होते, अगदी मागच्या टोकाला. मी गेलो, निळा ठिपका उमटला आणि ५ मिनिटांत काम झाले. त्या दिवशी तिने जुनाच तक्ता काढून शंकेपुढे तारीख घातली आणि मॅडमची दुसरी सही घेतली. ज्यांना अर्धा दिवस मोकळा काढता येतो, त्यांनी जरूर जावे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि तक्ता भरताना विद्यार्थ्याला घाई करू नये.